व्हिएन्नातलं केळवण

“घे गं नाव. लाजू नकोस, लाजलं की यमक पळून जातं.”

हा माझ्या आईचा आवाज. मी सात-आठ वर्षांची असेन. इस्लामपूरच्या आमच्या घराच्या पायरीवर आई तांदूळ निवडत बसलेली, आणि समोर गल्लीतली कुणीतरी नवी नवरी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी. शिंपी मापं घेऊन झंपर शिवतो, तशी आई उखाणे बांधून द्यायची. एखादी म्हणायची, “वहिनी, आमच्या ह्यांचं नाव विश्वंभर. त्याला काय जुळायचं?” आई सुपातला खडा बाजूला टाकत म्हणायची, “जुळेल की. आधी सांग, माणूस कसा आहे?” जिला नवरा आवडलाय तिला दोन ओळींचा उखाणा पुरायचा. जिला अजून उमजायचं होतं तिला आई लांबलचक बांधून द्यायची. त्यात नदी यायची, गावची जत्रा यायची, सासूबाईंची पैठणी यायची, आणि नाव अगदी शेवटी. “तेवढाच वेळ मिळतो पोरीला,” असं ती नंतर हळूच ताईला सांगायची.

आई जाऊन तीन वर्षं झाली होती. माझं लग्न ठरलं तेव्हा केळवणाला बोलावणारं आईच्या जागी कुणी नव्हतं. म्हणून २००५च्या सप्टेंबरात, एका रविवारी सकाळी, टेक्सासातल्या प्लेनोहून शंतनूदादाचा फोन आला. ओहायोतल्या डब्लिनहून सुवर्णाताई आधीच लाइनवर होती.

“ज्ञानू, बसलीयेस का? बस. तुझं केळवण व्हिएन्नाला.”

“कुठे?”

“व्हिएन्ना. ऑस्ट्रिया. युरोप. ख्रिसमसच्या सुट्टीत. आपण तिघंच.”

“दादाचं डोकं फिरलंय,” ताई म्हणाली, “पण मी हो म्हटलंय. हे बघ, दादाकडे केळवण केलं तर सुहासिनीवहिनी ओट्याशी. माझ्याकडे केलं तर मी ओट्याशी, आणि माझी दोन्ही कार्टी तुझ्या डोक्यावर. त्यापेक्षा हे बरं. प्रताप पोरांना सांभाळेल. त्यालाही कळू दे.”

व्हिएन्नाच का, तर त्याचंही उत्तर दादाकडे होतं. इस्लामपुरात तो ज्या सलूनमध्ये केस कापायचा तिथे भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं. बर्फातलं एक शहर, आणि शहराच्या डोक्यावर एक अगडबंब पाळणा. जत्रेतला असतो तसा, पण पाळण्याच्या जागी रेल्वेचे डबे टांगलेले. दर महिन्याला मान खाली घालून केस कापून घेताना हा मुलगा आरशातून ते चित्र बघायचा. पुढे टेक्सासमध्ये नोकरीला लागल्यावर त्यानं ते शहर इंटरनेटवर शोधून काढलं. छत्तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, पण फोनवर ‘पाळणा’ म्हणाला तेव्हा त्याचा आवाज थेट चौथीतला होता.

पुढचे तीन महिने आम्ही तिघं त्या एका शब्दावर जगलो. व्हिसाचे फॉर्म भरले. बँकेची स्टेटमेंट्स जोडली. प्रवासाच्या कारणापुढे दादानं ‘पर्यटन’ लिहिलं आणि मला फोन करून म्हणाला, “खरं तर केळवण लिहायला पाहिजे होतं यार, पण कॉन्सुलेटवाल्यांना कोण समजावणार!” अमेरिकेत राहूनही आम्ही तिघं एका वेळी एका छपराखाली सात वर्षांत आलो नव्हतो. कुणाचा पासपोर्ट वकिलाकडे, कुणाचं बाळंतपण, कुणाची परीक्षा. आई गेली तेव्हासुद्धा आम्ही तीन वेगळ्या विमानांनी, तीन वेगळ्या दिवशी पोचलो होतो, आणि एक पोचेपर्यंत दुसरा परतलेला होता.

आणि तीन डिसेंबरला मी लग्न मोडलं.

हे इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं मी हे पोटात ठेवून हसले-बागडले आहे.

सिद्धेश दादाच्या ऑफिसातला. नागपूरचा. दादाला तो आवडलेला, आणि फ्रिस्कोत राहणारा. दादानं गाडी चालवून मोजलं होतं, फ्रिस्को ते प्लेनो अकरा मिनिटं, सिग्नल लागले तर चौदा. धाकटी बहीण चौदा मिनिटांवर येणार या आनंदात त्यानं घरात पाहुण्यांच्या खोलीचा रंगसुद्धा बदलून घेतला. सिद्धेश वाईट नव्हता. आम्ही सहा महिने फोनवर बोललो, दोनदा भेटलो. पण मी कोलंबसला मातीत पीएचडी करते. हिवाळ्यात शेतातली माती गोठते तेव्हा तिच्या पोटात काय काय चालू असतं, ते मोजते. त्याला अजून दोन हिवाळे हवेत, आणि तेही ओहायोतल्याच शेतांतले. हे मी सिद्धेशला सांगितलं तर तो हसून म्हणाला, “मातीच ना? फ्रिस्कोत पण आहे की माती. नाहीतर सोड ना यार, एवढं काय त्यात.”

त्यात काय होतं ते मला चार दिवस सांगता आलं नाही. पाचव्या दिवशी मीच फोन केला आणि नाही म्हणाले.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ठीक आहे. पण शंतनूला तू सांग. माझ्याच्यानं होणार नाही. तुमच्या ट्रिपहून परत येताना त्याला एअरपोर्टवरून आणायचं मी कबूल केलंय. तो माझ्या गाडीत बसायच्या आत त्याला माहीत असू दे. एवढं कर.”

“करते,” मी म्हटलं.

शिकागोच्या विमानतळावर दादा डॅलसहून आला, आम्ही दोघी कोलंबसहून. लांबूनच त्यानं दोन्ही हात वर केले. माकडटोपी घातलेला, हातात भडंगाची पिशवी. माझं वाक्य जिभेवर तयार होतं. पण त्यानं आम्हा दोघींना एकाच वेळी कवेत घेतलं आणि भर गर्दीत म्हणाला, “सात वर्षं! सात वर्षं झाली, माहितीये का तुम्हाला?” त्याच्या जॅकेटला सुहासिनीवहिनीच्या फोडणीचा वास होता. वाक्य मी गिळलं. म्हटलं, विमानात सांगू.

विमानात दादानं हवाईसुंदरीला सांगितलं, “माय सिस्टर. ब्राइड!” तिनं मला चॉकलेटं आणून दिली, मूठभर. ताईनं त्यातली निम्मी पोरांसाठी पर्समध्ये टाकली. मग दोघं माझ्या दोन खांद्यांवर डोकी टेकून झोपले, आणि मी मधे बसून खिडकीबाहेर बघत राहिले. आईच्या चालीवर काहीतरी आपोआप जुळत गेलं.

खाली ढगांचा कापूस
वर उन्हाची ओसरी
तीन भावंडं एका घरी
किती वर्षांनी

गंमत अशी की मी खरंच आनंदात होते. खोटं एकाच ठिकाणी होतं. बाकी सगळी मी खरी होते.

आणि व्हिएन्ना! काय सांगू. आम्ही टॅक्सीतून उतरलो तेव्हा भुरभुर चालू होती. ओहायोत बर्फ म्हणजे फावडं, मीठ आणि कण्हणं. इथे तेच बर्फ कोरीव खांबांवर, पुतळ्यांच्या खांद्यांवर, घोडागाडीवाल्याच्या उंच टोपीवर असं अलगद बसलेलं, जणू कुणी देवाला तांदूळ वाहिलेत. ताई रस्त्यातच थांबली. “अगं, इथे बर्फ कुणी उपसायचं नाहीये,” ती म्हणाली. “मला नुसतं बघायचंय. पंधरा वर्षांत पहिल्यांदा नुसतं बघायचंय.”

आमचं गेस्टहाऊस एका जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. चालवणाऱ्या बाईंचं नाव हूबर. साठीच्या आतबाहेर, लाल स्वेटर, पोलिसासारखा आवाज. त्यांनी आयुष्यभर ट्राम चालवली होती. दोन नंबरची, जुन्या शहराला गोल फेरी घालणारी. दादानं ते ऐकलं मात्र. पुढचे तीन दिवस आम्ही दिवसातून एकदा तरी दोन नंबरच्या ट्राममधून गोल फिरलो. राजवाडा, ऑपेरा, संसद, पुन्हा राजवाडा. चौथ्या फेरीला ताई म्हणाली, “दादा, आता मी चालवते, तू तिकिटं फाड.”

आम्ही काय काय पाहिलं! नगरभवनासमोरचा ख्रिसमसचा बाजार, झाडांना टांगलेली लाल हृदयं आणि निळे मासे. कोळशावर भाजलेले चेस्टनट, कागदाच्या शंकूत. दादानं पहिला तोंडात टाकला आणि डोळे मोठे केले. “आठळ्या! सुवर्णे, फणसाच्या आठळ्या आहेत ह्या!” आणि मग आम्ही तिघं रस्त्यात उभे राहून आठळ्या खाल्ल्या, बोटं भाजत, एकमेकांच्या शंकूतल्या पळवत. ऑपेरात उभं राहायची स्वस्त तिकिटं मिळतात. तिथे दादा कठड्याला टेकून उभ्या उभ्या झोपला आणि नायिका मरते त्या क्षणी घोरला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं वळून बघितलं. ताईनं लगेच आपला हात छातीवर ठेवून मान हलवली, जणू आमच्याकडे दुःख असंच व्यक्त करतात.

पाळण्यावर गेलो तो तिसरा दिवस. लाल लाकडी डबा, खिडक्या असलेला, खरंच रेल्वेच्या डब्यासारखा. डब्यात आम्ही तिघं आणि एक जपानी जोडपं. डबा सुटला, झाडांच्या वर गेला, छपरांच्या वर गेला. पांढरं शहर खाली उलगडत गेलं, जणू कुणी धुतलेलं धोतर झटकून वाळत घातलंय. डबा अगदी वर जाऊन थांबला. वारा लाकडातून शीळ घालत होता.

मला वाटलं, आता. खाली उतरायला कुणाला वाव नाही. आत्ताच सांगावं.

“दादा,” मी म्हटलं.

तो वळला. त्याचे डोळे भरलेले होते. “मी आईला म्हणायचो,” तो म्हणाला, “मोठा झालो की तुला त्या पाळण्यात बसवेन. ती म्हणायची, मला चक्कर येते रे, तू बहिणींना बसव.” त्यानं नाक ओढलं आणि हसला. “बसवलं की नाही? काय म्हणत होतीस?”

“चक्कर येतेय,” मी म्हटलं.

“अरे देवा! सुवर्णे, आल्याची वडी काढ!”

चोवीस तारखेला केळवण. तो मुहूर्त दादानं काढला होता. सकाळी राजवाड्याची बाग, दुपारी बाजारातून ताज्या भाज्या, संध्याकाळी खोलीतच स्वयंपाक. ताईनं ओहायोहून राइस कुकर आणला होता, त्याच्या पोटात कपड्यांत गुंडाळलेली तुपाची बरणी, गोडा मसाला, रवा, काजू, पापड, लोणचं. आमचं चुकलं एवढंच की चोवीस डिसेंबरला दुपारी दोननंतर त्या शहरात काहीही उघडं नसतं. आम्ही तीन वाजता भाजी घ्यायला निघालो. सगळ्या दुकानांची शटरं खाली. एका चौकात कबुतरं आणि आम्ही.

“बटाटा तरी,” ताई म्हणाली. “एक बटाटा तरी कुणीतरी द्या रे.”

“मसालेभात होईल ना नुसता?”

“केळवणाला नुसता भात? आईला काय वाटेल?”

शेवटी नुसता तर नुसता, असं ठरलं. साडेचारला अंधारून आलं होतं. ताईनं तांदूळ धुतले. दादानं खिशातून प्लगचा अडॅप्टर काढला, ऐटीत. “बघ, मी आधीच आणून ठेवला होता. प्लॅनिंग म्हणतात ह्याला.” कुकरची पिन अडॅप्टरमध्ये, अडॅप्टर भिंतीत, आणि बटण.

फट्!

निळी ठिणगी, जळक्या रबराचा वास, आणि चौथा मजला सगळाच्या सगळा काळोखात.

मग ताईचा आवाज आला, अगदी शांत. “दादा. कुकर अमेरिकेतला आहे. एकशे दहा व्होल्टचा.”

“हो.”

“इथे दोनशे तीस असतात.”

“हो.”

“तू सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून कशात पास झालास?”

“इलेक्ट्रिकल,” दादा म्हणाला.

आम्ही हसायला लागलो ते थांबेचना. मी गादीवर पडून हसले, पोट धरून. दादा सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. तेवढ्यात दारावर थाप पडली आणि टॉर्च घेऊन हूबरबाई उभ्या. त्यांनी टॉर्च कुकरवर मारला, मग दादावर, मग पुन्हा कुकरवर.

“कोण मेलं?” त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं.

“राइस,” दादा म्हणाला. मग हातवारे करत सगळं सांगितलं. बहीण, लग्न, आई नाही, म्हणून जेवण. लग्न मे महिन्यात, सत्तावीस तारखेला. बाईंनी ऐकून घेतलं. माझ्याकडे एकदा बघितलं. “वर काय करताय मग? खाली या. माझी मुलगी उद्या येणार. माझ्याकडे गॅस आहे, बटाटे आहेत, गाजरं आहेत, आणि आज संध्याकाळी मी एकटी आहे.”

अशी आमची वरात हूबरबाईंच्या स्वयंपाकघरात उतरली. लांबट खोली, गडद लाकडाचं टेबल, खिडकीत हिरव्या पानांचं कडं आणि त्यात चार मेणबत्त्या. ताईनं ओढणी कमरेला खोचली. “बाजूला व्हा सगळे.” काजू तळले, खमंग वास सुटला. गोड्या मसाल्यानं ती ऑस्ट्रियन भिंतच्या भिंत शिंकायला लागेल असं वाटलं. हूबरबाई मात्र भांड्यावर वाकून दीर्घ श्वास घेत म्हणाल्या, “हे काय आहे? हे माझ्या पडद्यांना चार दिवस राहील ना? राहू दे.” बटाट्याची भाजी झाली, गाजराची कोशिंबीर झाली, शिरा झाला. दादानं पापड गॅसवर भाजले आणि दोन जाळले. ते आमच्यात चालतं असं त्यानं बाईंना सांगितलं.

रांगोळी नव्हती. ताईनं मिठाची चिमूट घेतली आणि त्या काळसर टेबलावर माझ्या ताटाभोवती मीठ सोडत गेली. एक वेल, दोन पानं, चार ठिपके. आईचाच हात. तिनं हूबरबाईंची एक मेणबत्ती उचलली आणि मला ओवाळलं. दादा भिंतीला टेकून उभा होता, कॅमेरा डोळ्याला लावून. फोटो काढत नव्हता, नुसता लावून.

“थांब, घास घेऊ नकोस,” ताई म्हणाली. “आधी उखाणा.”

“ताई, प्लीज.”

“प्लीज नाही. केळवण आहे. हे बघ, मी सुरुवात करते.” तिनं घसा साफ केला. “ओहायोच्या बर्फातून गाडी काढते खणून, प्रतापराव झोपलेत, सुट्टीचा वार म्हणून!”

दादानं टाळ्या वाजवल्या. हूबरबाईंना अर्थ सांगितला तर त्या टेबलावर हात आपटून हसल्या. “माझा नवराही असाच होता,” त्या म्हणाल्या. “आता हिची पाळी.” मग मला विचारलं, “लग्नानंतर तू काय करणार?”

“टेक्सासला येणार,” दादा म्हणाला. “माझ्या घरापासून चौदा मिनिटं.”

“मी हिला विचारलं,” हूबरबाई म्हणाल्या.

माझ्या तोंडून निघालं, “माझी माती आहे. ओहायोत. तिचे दोन हिवाळे राहिलेत.”

“ते होईल गं काहीतरी,” दादा घाईनं म्हणाला. “सिद्धेश समजूतदार आहे. तू नाव घे आधी, भात निवतोय.”

तिघंही माझ्याकडे बघत होते. मी सुरू केलं, आणि सुरू केलं ते लांबतच गेलं.

“दोन नंबरच्या ट्राममधून शहर बघितलं फिरून,
पाळण्यात बसून तेच शहर पुन्हा बघितलं वरून,
कुकर जळला, फ्यूज उडाला, अंधार खोलीभर,
मसालेभात शिजला मग हूबरबाईंच्या चुलीवर,
तूप वाढलं ताईनं, रांगोळी काढली मिठाची,
शंतनू-सुवर्णाचं नाव घेते, बहीण त्यांच्या पाठची.”

“वा! वा!” दादा ओरडला. “अरे, पण त्याचं नाव? सिद्धेशचं नाव कुठे गेलं?”

“लाजली,” हूबरबाईंनी अर्थ न विचारताच सांगून टाकलं.

“लाजली!” दादानं मान्य केलं आणि भातावर तुपाची धार सोडली.

जेवणं झाली, दादा बाईंकडून ट्रामच्या ब्रेकची माहिती घ्यायला लागला, आणि आम्ही दोघी सिंकपाशी उभ्या राहिलो. ती घासत होती, मी पुसत होते.

“उखाणा फार लांब झाला गं,” ती म्हणाली.

मी ताट पुसत राहिले.

“आणि एवढा लांब होऊन नाव आलंच नाही.” तिनं नळ थोडा मोठा केला, आवाज झाकला जाईल इतका. “मला काही सांगू नकोस. मला कळलं तर दादाला माझ्या तोंडावर दिसेल. पण जे असेल ते त्याला तू सांग, ज्ञानू. दुसऱ्याकडून कळलं तर तो मोडेल. आणि लवकर सांग. त्यानं उद्या सिद्धेशसाठी काय घ्यायचं याची यादी केलीये.”

दुसऱ्या दिवशी सगळं बंदच होतं, म्हणून ती खरेदी टळली. शेवटी विमानतळावरच्या दुकानातून दादानं त्याच्यासाठी लोकरीचे हातमोजे घेतले. “टेक्सासात हातमोजे?” ताईनं विचारलं. “फ्रीजमधून आइस्क्रीम काढायला,” दादा म्हणाला. मी हसले.

परतीच्या विमानात तो सगळा वेळ कॅमेऱ्यातले फोटो दाखवत होता. मी तोंड उघडलं की नवा फोटो. हा बघ पुतळा. ही बघ तू, चेस्टनट खाताना, माकडासारखी. तो इतका आनंदात होता की त्याच्या आनंदात शिरायला फट सापडेना. आणि खरं सांगते, मला ती सापडायला नकोही होती.

शिकागो आलं. इमिग्रेशनची रांग, कागदपत्रांची फाइल छातीशी धरून उभे आम्ही. अधिकाऱ्यानं शिक्के मारले. दादाला म्हणाला, “वेलकम होम.” दादा त्यावर इतका खूश झाला की पुढची पाच मिनिटं तोच विषय. “होम म्हणाला, ऐकलंस? माझ्या एच-वन व्हिसाला होम म्हणाला!” सामान पुन्हा बेल्टवर टाकलं, टर्मिनलच्या गाडीतून आलो. इथून त्याचं डॅलसचं विमान एका बाजूला, आमचं कोलंबसचं दुसऱ्या बाजूला. त्याच्याकडे चाळीस मिनिटं होती. काचेबाहेर धावपट्टीवर दुपारचं ऊन आणि ढिगानं लोटलेलं बर्फ.

“कॉफी आणते,” ताई म्हणाली. जाता जाता माझ्या पाठीवर तिनं हात ठेवला, एक क्षण, आणि गेली.

दादानं मोबाइल चालू केला. युरोपात सहा दिवस मुका असलेला फोन एकदम किणकिणला. “आला बाबा जिवात जीव. थांब, सिद्धेशला सांगतो फ्लाइट वेळेवर आहे.” त्यानं नंबर लावला. “काय नागपूरकर! पोचलो शिकागोत. हो, वेळेवर. अरे, केळवण असं झालं, असं झालं, तू नुसता ऐक... थांब, हिच्याशीच बोल.” आणि फोन माझ्या हातात.

“सांगितलंस?” सिद्धेशनं हळूच विचारलं.

“नाही.”

“ज्ञानदा, तो तीन तासांनी माझ्या गाडीत बसेल. मी त्याच्याकडे काय तोंडानं बघू?”

“त्याआधी होईल ते,” मी म्हटलं. “ठेव आता.”

मी फोन बंद केला. दादा माझ्याकडे बघून मिस्कील हसत होता. “एवढंच? सहा दिवसांनी बोललात आणि एवढंच?” मग माझ्या चेहऱ्यावर त्याला काहीतरी दिसलं असावं. हसू होतं तिथेच राहिलं, पण डोळे थांबले. “काय गं? भांडलात का?”

मागे कुठल्यातरी गेटवर कुणाचंतरी नाव पुकारत होते. मी त्याचा हात धरला. थंड होता. लहानपणी रस्ता ओलांडताना तो माझा धरायचा, तसा मी धरला, मनगटाच्या वर, घट्ट.

“भांडलो नाही. दादा, हे लग्न होणार नाही. मीच नाही म्हटलं, तीन तारखेला, आपण निघायच्या आधी. सिद्धेशची काही चूक नाही, त्याला गाडीत काही बोलू नकोस. त्यानं माझ्यासाठी इतके दिवस तोंड मिटून ठेवलं. मला माझं काम सोडायचं नाही, आणि तुझ्यापासून चौदा मिनिटांवर राहण्यासाठीसुद्धा मी ते सोडू शकत नाही. हे तुला आधीच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तू तिकिटं रद्द केली असतीस, आणि मला नवरी व्हायचं नव्हतं रे दादा, मला तुम्ही दोघं हवे होतात.”